डावी भुवई

ताईच्या हातात गुलाम असला, की तिची डावी भुवई वर चढायची. लहानपणापासूनची खोड. गुलामचोर खेळताना आई म्हणायची, "चोराच्या मनात चांदणं असतं, आमच्या हिच्या कपाळावरच!" हातात एकटा गुलाम उरला की हार. ताई हरायची, खिदळायची आणि पुन्हा पत्ते पिसायला घ्यायची.

म्हातारपणी तिला कंपवात झाला आणि भुवई खाली बसली. हात थरथरायचा, त्याचं धाकट्या बहिणीला एवढं वाटत नसे. पण चेहरा पाटीसारखा कोरा झाला होता. ताई आता डावामागून डाव जिंकायची. थट्टा पूर्वीसारखीच करायची, पण चेहऱ्यावरची रेघही हलत नसे. समोर बसलेली ताई दिसेनाशी झाली होती, हे धाकटीचं खरं दुःख.

डॉक्टरांनी चुंबकाचे उपचार सुचवले. "कापाकापी नाही. डोक्याबाहेरूनच मेंदूला हलके झटके द्यायचे. गोळ्या चालूच ठेवायच्या. काहींना गुण येतो, काहींना नाही. आला तर किती टिकेल, तेही सांगता येत नाही."

"बुटके, मी बरी झाले तर जिंकू कशी?" ताई पुटपुटली.

"हरशील. सवय आहे तुला."

मग रोज ती खुर्ची. ताईच्या कानांत बोळे. उपचार करणारी मुलगी तिच्या डोक्याशी एक चपटं यंत्र धरायची आणि टक-टक-टक सुरू.

"सुतारपक्षी बसलाय गं डोक्यावर."

"आत काही आहे का, बघतोय," धाकटी म्हणायची. मुलगी हसायची. ताईचा चेहरा तसाच.

हळूहळू ब्लाउजचे हूक ताईचे तिलाच लावता येऊ लागले. पावलं मोकळी पडू लागली. धाकटी मात्र, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी तिच्या तोंडाकडे बघत राहायची.

उपचार संपले, त्या दुपारी डाव अगदी शेवटाला आला. धाकटीकडे बदामाची राणी. ताईकडे दोन पत्ते: एक राणी, एक गुलाम. धाकटीनं एका पत्त्याकडे बोट नेलं. काही नाही. दुसऱ्याकडे नेलं.

भुवई हलली. जराशीच, पण वर.

मुद्दाम गुलाम ओढावा, जिंकू दे बिचारीला, असं धाकटीला वाटून गेलं. पण मग भुवई हलल्याचं ताईला कळणार कसं? तिनं पहिला पत्ता ओढला आणि राण्यांची जोडी खाली टाकली.

ताई हातातल्या गुलामाकडे बघत राहिली.

"वर गेली वाटतं?"

"गेली."

"मेली चहाडखोर!" ताई म्हणाली, आणि तिच्या ओठाचा कोपरा भुवईच्या मागोमाग वर गेला.

तिनं पत्ते पिसायला घेतले. चार-दोन सांडले. कुणालाच उचलायची घाई नव्हती.