समासातली ओळ

सरांचं सगळं नाव तीन शब्दांवर उभं होतं. नमाजाच्या नियमांवरच्या एका जुन्या अरबी हस्तलिखितात, मूळ मजकूर सोडून बाजूच्या समासात, नक्कल करणाऱ्या कुणीतरी ते लिहून ठेवले होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, डोक्यावर भरपूर केस असताना, सरांनी ते मायक्रोफिल्मच्या अंधुक पडद्यावर वाचले: ‘खैर शेजाऱ्याकडे आहे.’ खैर म्हणजे भलं, चांगुलपण. आणि शेजारी म्हणजे, सरांच्या मते, दुसऱ्या धर्माचा माणूस. आपल्यापलीकडेही चांगुलपण आहे, असं एका साध्या लेखनिकाने शेकडो वर्षांपूर्वी कबूल केलं होतं!

त्यावर आधी निबंध झाला, मग पुस्तक झालं, मग तुलनात्मक धर्म विभागाचं प्रमुखपद मिळालं.

एक विरोधकही मिळाला. दुसऱ्या विद्यापीठातले हे प्राध्यापक वीस वर्षं नेमाने लिहीत होते, की हा शेजारी म्हणजे परधर्मीय नव्हेच, साक्षात परमेश्वर. त्यांचा नवा लेख आला की सर जेवताना गप्प व्हायचे. सरांची बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती. ती त्या प्राध्यापकांना ‘माझी सवत’ म्हणायची. “रात्रंदिवस तिचाच विचार,” म्हणायची. “माझ्यासाठी कधी अडीच पानं लिहिलीत?”

सरांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. हाताखाली शेवटची एक विद्यार्थिनी होती. तिचा प्रबंध याच हस्तलिखितावर होता आणि तो जवळजवळ पुरा झाला होता. पण तीन आठवडे ती विभागात फिरकली नाही. फोन केला तर म्हणाली, सर्दी झालीय. पुन्हा केला तर म्हणाली, पाहुणे आलेत. शेवटी एका दुपारी ती सरांच्या खोलीत आली आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकली.

“सर, त्या ग्रंथालयाने पानांचे नवे फोटो काढलेत. रंगीत. मी मागवले होते.”

“छान केलंस. दाखव.”

तिने लॅपटॉप उघडला, समास मोठा केला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. ‘खैर’ या शब्दाचा सांगाडा तोच होता; पण अरबीत टिंब बदललं की अक्षर बदलतं. खाली दोन टिंबं असायला हवी होती, तिथे एकच होतं. आणि शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर, जिथे काहीही नको होतं, तिथे एक टिंब होतं.

“वाळवीचं भोक असेल,” सर म्हणाले.

“मलाही तसंच वाटलं, सर. म्हणून पानाची मागची बाजूही मागवली. तिथे भोक नाही. शाईच आहे.”

“मग हा शब्द...”

“खुब्ज. पाव,” ती पुटपुटली. “पाव शेजाऱ्याकडे आहे.”

मग सर एकदम उखडले. असले रंगीत फोटो काढायची गरजच काय, हल्लीच्या मुलांना पडद्याशिवाय दिसत नाही, प्रबंधाला उशीर का झाला, असं बरंच काही बोलले. तिने ऐकून घेतलं. जाताना एवढंच म्हणाली, “सर, मी ते प्रबंधात घातलेलं नाही. तुम्ही म्हणाल तसं करीन.”

घरी आल्यावर सरांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने दोन क्षण विचार केला.

“म्हणजे आता तुमची खैर नाही.”

आणि ती हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सरांचा चेहरा पाहून मग जवळ येऊन बसली.

“अहो, पण किती छान आहे! तो लेखनिक बाहेर गेला असेल. मागून कुणी उपाशी घरी येणार असेल. हाताशी दुसरा कागद नव्हता, म्हणून तिथेच निरोप लिहिला. तुम्ही अठ्ठावीस वर्षांत मला एक तरी चिठ्ठी ठेवून गेलात का?”

“आणि माझं पुस्तक?”

“ते राहू दे. त्या पोरीचं काय करणार ते सांगा. तीन आठवडे तिच्या घशाखाली घास उतरला नसेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी विद्यार्थिनीला फोन केला. “घाल प्रबंधात,” ते म्हणाले. “पहिल्याच प्रकरणात घाल. तळटीपेत लपवू नकोस.”

दोन महिन्यांनी सरांच्या गौरवार्थ चर्चासत्र झालं. सभागृह भरलेलं होतं आणि पहिल्या रांगेत विरोधक बसले होते. सरांनी तयार भाषण खिशातच ठेवलं, पडद्यावर तो फोटो लावला आणि टिंबं मोजून दाखवली. “मी चुकीचं वाचलं,” ते म्हणाले. “बरोबर वाचलं ते हिने.” आणि त्यांनी मागच्या रांगेतल्या विद्यार्थिनीकडे हात केला. तिने लाजून मान खाली घातली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

विरोधक मात्र ताडकन उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पाव म्हटल्यावर परमेश्वराचं काय करायचं? त्यांचीही दोन पुस्तकं त्याच ओळीवर उभी होती.

“ते वाळवीचं भोक आहे!” ते ओरडले.

“मीही हेच म्हणालो होतो,” सर प्रेमाने म्हणाले. एवढ्या प्रेमाने ते त्यांच्याशी आजवर कधीच बोलले नव्हते.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून विरोधकच आले. अडीच तास त्यांनी तिला शाई, लेखणी आणि कागदावरून गोंधळात पाडायचा प्रयत्न केला. ती प्रत्येक वेळी शांतपणे पुढचा फोटो काढायची. शेवटी त्यांनी फाइल मिटली आणि सरांकडे वळले.

“खुब्ज मान्य. पण हा शेजारी कोण होता, याचा विचार केलात?”

“केलाय ना,” सर पुढे सरकले. “दुसऱ्या धर्माचा असू शकतो.”

“शक्यच नाही!”

“का नाही? त्या लेखनिकाच्या गल्लीत कोण कोण राहायचं, याची नोंद मिळाली तर?”

दोघं बोलत बोलतच उठले, दारातून बाहेर पडले आणि जिन्याकडे चालू लागले. विद्यार्थिनी कागद छातीशी धरून त्यांच्यामागे धावली.

“सर! अहो सर! माझा निकाल?”

“पास, पास,” दोघंही मागे न बघता म्हणाले.