फोन वाजला की मी थांबतो

मित्रांनो, मी एक जुना टेबल पंखा आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे आणि फिरताना मी चांगलाच खडखडतो. सिल्वासात टोकरखाडा भागातल्या एका सोसायटीत तळमजल्यावर एक खोली आहे. तिथल्या टेबलावर, फोनच्या शेजारी माझा मुक्काम. पंख्याचं काम फिरण्याचं. पण माझ्या हातून घडलेलं मोलाचं काम मी बहुतेक वेळा थांबूनच केलं आहे. हसू नका, ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा आवाजच नव्हता; मी फिरतोय हे हात पुढे केल्याशिवाय कळत नसे. शैलजाताई कोकणातून इथल्या शाळेत शिकवायला आल्या आणि त्यांनी मला विकत घेतलं. ताई माझ्यासमोर बसून पेपर तपासत, मी ते उडवत असे आणि बोलणी खात असे. त्यांच्या लेकीचे, धनश्रीचे, ओले केस मी वाळवले. पाहुणे माझ्या वाऱ्याचं कौतुक करत. मग घरात एसी आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. आपल्यावाचून घराचं काही अडत नाही, हे फार बोचतं हो.

ताई निवृत्त झाल्या त्याच सुमारास अरविंदराव नावाच्या निवृत्त सरकारी अधिकाऱ्यांनी ही खोली सुरू केली. जगणं असह्य झालेल्या कुणीही इथे फोन करावा आणि स्वयंसेवकांनी मन लावून ऐकावं, एवढंच काम. नाव विचारायचं नाही, उपदेश करायचा नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. ताईंनी मला माळ्यावरून काढून इथे आणलं. फोन वाजला की आधी पंखा बंद करायचा आणि मगच रिसीव्हर उचलायचा, अशी रीत पडली. माझ्या खडखडीत कुणाचा दबका हुंदका हरवू नये, म्हणून. मे महिन्यातसुद्धा ही माणसं घामाने निथळत ऐकत बसायची. मला त्यांचा अभिमान वाटायचा.

ताईंना मात्र गप्प बसणं जड गेलं. जन्मभर शिकवण्याची सवय! सुरुवातीला त्या फोनवर समजावू लागत आणि अरविंदराव ओठांवर बोट ठेवत. ताईंनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे पुढे त्या हुंकारही देईनात.

एका सुट्टीच्या दुपारी फोन वाजला. ताईंनी मला बंद केलं. पलीकडे राखोलीच्या सूत कारखान्यातला, खानदेशातून आलेला एक कामगार होता. त्याला आपण गोकुळ म्हणू. इथला नियम मलाही लागू आहे.

"ताई, कंपनीच्या गेटवर मोबाईल जमा करा लागतो," तो सांगत होता. "बायको गावाला आजारी होती. तिचा फोन गेटवर वाजत राहिला, अन् मी आत मशीनवर. बाहेर आलो तवर ती गेलेली होती. तिला काय सांगायचं होतं, ते मला आता कधी कळणार नाही."

तो रडू लागला. ताईंचेही डोळे भरून आले, पण त्या रीतीप्रमाणे गप्प राहिल्या. मीही थांबलेलो. खोलीत कसलाच आवाज नव्हता.

"हॅलो? ताई?" त्याचा आवाज एकदम फाटला. "कट केला ना तुम्ही पण? बराबर हाये. माझंबी कोणी का उचलावं?"

"नाही रे बाबा! मी आहे, इथेच आहे!" ताई कळवळून म्हणाल्या.

"मशीन चालू असली की डोकं बंद राहतं, ताई. इथं खोलीवर एकदम सामसूम. ती सहन होत नाही."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी आजवरची रीत मोडली आणि माझं बटण दाबलं. मी जीव खाऊन खडखडलो.

"हा माझा जुना पंखा. येतोय आवाज? हा वाजतोय तोवर मी फोन ठेवणार नाही." मग त्यांनी सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

"हां, ताई. आजच."

ताई दचकल्या नाहीत, रागावल्या नाहीत. तो बोलत राहिला, त्या हुंकार देत राहिल्या आणि मी फिरत राहिलो. ऊन कलल्यावर तो म्हणाला, "शेजारच्या वाल्मिकला हाक मारतो. आज त्याच्याकडंच थांबतो." फोन त्यानेच ठेवला. पुढे त्याचं काय झालं, हे इथे कुणालाच कळत नसतं. ताई मात्र कितीतरी दिवस फोनकडे बघत बसायच्या.

पुढे कुणीतरी छताला नवा, मुका पंखा लावून दिला. अरविंदरावांनी मला भंगारवाल्यासाठी दाराशी ठेवलं. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त काळजी गोकुळची होती. तेवढ्यात फोन वाजला. अरविंदरावांनी उचलला.

"साहेब, त्या पंख्यावाल्या ताई हायेत का?"

अरविंदरावांनी रिसीव्हर शेजारी बसलेल्या ताईंच्या हातात दिला आणि स्वतः दाराशी येऊन मला उचललं. पुन्हा टेबलावर ठेवून त्यांनीच माझं बटण दाबलं. मी खडखडलो. पलीकडून आवाज आला, "हां ताई, ऐकू आलं."

मित्रांनो, मला अधूनमधून तेल घाला, पण माझी खडखड पार घालवू नका. आणि तुमच्यातलं कुणी कधी गप्प गप्प झालं, तर तुम्ही जवळ आहात हे त्याला ऐकू जाऊ द्या.