थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची वही

"काही घडलं नाही म्हणून कान पकडणारं खातं मी जन्मात पहिल्यांदा बघतोय," हे न्हाणीघरात दाढी करता करता पुटपुटले. आमच्या न्हाणीघराचं दार पातळ आणि कचेरी त्याला लागून, त्यामुळे ह्यांची मतं मला फायली लावता लावताच कळतात. "घडलं असतं तर विचारलं असतं, का घडलं. नाही घडलं तर म्हणतात, का नाही घडलं. घ्या."

दाढी चालू असताना ह्यांना हाक मारायची नाही, असा घरात एक रिवाज पडला होता. कधीपासून पडला आणि कशासाठी, ह्याची चर्चा झाली नव्हती.

आमचा धंदा ड्रोन उडवून उंच जागा तपासून द्यायचा. पाण्याच्या टाक्या, कारखान्यांची धुराडी, पुलांचे खांब. पूर्वी हे दोरावर लोंबकळत ह्याच टाक्या रंगवायचे. गुडघ्यांनी राम म्हटला तेव्हा दोर सोडला आणि पन्नाशी उलटल्यावर, लेकीच्या वयाच्या मुलांमध्ये बसून, ड्रोन उडवायचा परवाना काढला. आमच्या भागातला पहिला. परवान्याचा फोटो काढून त्याला चौकट केली आहे. माझ्या आईवडलांच्या फोटोला अजून व्हायची आहे. हे उडवतात. उडवणाऱ्याचे डोळे पडद्यावर असतात, म्हणून आकाशाकडे बघायला दुसरं माणूस लागतं, तसा नियमच आहे; ते काम आमची बारकी करते. बारकी म्हणजे लेक, सव्वीस वर्षांची, पण नाव लहानपणी पडलं ते पडलं. माझे दीर कामं मिळवतात आणि बोलतात. मी कागद सांभाळते. शाळा मी सातवीत सोडली, पण नियमांच्या पुस्तकाला मी घाबरत नाही. पाककृतीपेक्षा त्यात अंदाज कमी असतो.

तर नवा नियम असा होता. आजवर ड्रोन नजरेच्या टप्प्यातच ठेवावा लागे. आता धंदा वाढावा म्हणून खात्याने ठरवलं, की चांगल्या कंपन्यांना नजरेपलीकडेही उडवू द्यायचं. विजेच्या तारांची चाळीस-चाळीस किलोमीटरची कामं त्यामुळे आमच्यासारख्यांनाही मिळणार होती. चांगली कंपनी ओळखायची कशी, तर तिची वही बघायची. थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची वही. ड्रोन कुठे आपटता आपटता राहिला, कोण कशातून वाचलं, हे ज्याचं त्याने लिहायचं. आपणहून लिहिलं तर दंड नाही. मात्र वर्षभर वही कोरी असेल, तर ह्या कंपनीत काही घडत नाही असं खातं मानत नाही. लपवतात, असं मानतं. मला हा नियम वाचून त्या लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटला. त्याच्या घरीही माणसं असणार.

आमची वही कोरी होती. अर्ज परत आला आणि सोबत निरोप, की निरीक्षक येऊन भेटतील.

त्याआधीच्या रविवारी दुपारी आम्ही चौघं प्रसंग शोधायला बसलो. दिरांनी कावळा सुचवला. टाकीवर कावळ्याने ड्रोनवर झडप घातली, दादाने शिताफीने वाचवला, असं. हे म्हणाले घारच लिही, कावळ्यात काय शोभा आहे. दीर म्हणाले, दादा, घार म्हटलं की निरीक्षक वनखात्याला कळवतील, कावळ्याचं कोणी मनावर घेत नाही. मग एक प्रसंग वाऱ्याचा झाला, एक पतंगाच्या मांज्याचा. बारकीने सगळे माझ्या हातून लिहवून घेतले आणि मधूनच म्हणाली, काका, तुम्ही गोष्टींची पुस्तकं काढा, धंद्यात कशाला सडताय. सगळे हसले. मीही.

खरा प्रसंग चौघांना पाठ होता. तीन महिन्यांपूर्वीची, दुपारी साडेतीनची गोष्ट. लोखंडी टाकीच्या पायथ्याशी उपग्रहाचा सिग्नल जातो, तिथे ड्रोन आपोआप स्थिर राहत नाही, हातानेच धरावा लागतो. उतरवताना तो एकाएकी उजवीकडे घसरला आणि बारकीच्या कानाजवळून गेला. वेणीचं टोक घेऊन गेला. पात्यातून केस सोडवायला मला अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी ती केस मानेपर्यंत कापून आली आणि दिरांनी तिला बघून म्हटलं, वा, आता कशी शहाण्यासारखी दिसतेस. त्यानंतर जो कोणी घरी आला त्याला आम्ही सांगितलं की तिला उन्हाळा सोसत नाही.

त्याच्या मागचंही आम्हाला ठाऊक होतं. मी ह्यांना चहा अर्धा कप देत होते, आणि पित्तामुळे, असं कारण आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. दिरांनी गिऱ्हाइकांना सांगून टाकलं होतं की सकाळचा उजेड चांगला, आम्ही दुपारी उडवत नाही. त्या दिवशीचं गिऱ्हाईक अडून बसलं म्हणून गेलो, एवढंच. बारकीने रिमोटच्या दांड्यांना रबर चिकटवलं. आणि उड्डाणाच्या नोंदीखाली सही करायची, ती सोडून ह्यांनी एक दिवस नावाचा शिक्का करून आणला. कंपनी मोठी होतेय, म्हणाले. चौघांपैकी कोणीही शिक्क्याबद्दल एक शब्द काढला नाही. आमच्या घरात एरवी मीठ कमी पडलं तरी अर्धा तास वाद चालतो.

निरीक्षक अकराला आल्या. बारकीहून लहान वाटणारी मुलगी, हेल्मेट काखेत, बुटांना चिखल. हे तिला मॅडम म्हणाले आणि ती ह्यांना काका म्हणाली, त्यामुळे दोघंही जरा अवघडले. तिने बॅटऱ्यांचं लोखंडी कपाट उघडून बघितलं, वाळूची बादली बघितली, भिंतीवरचा परवाना बघून म्हणाली, काका, तुमचा नंबर किती जुना. हे खूश झाले. मग ती वही घेऊन बसली.

कावळ्याचा प्रसंग तिने दोनदा वाचला. म्हणाली, कावळा अकरा पंचवीसला आला, पण उड्डाणाच्या नोंदीत ड्रोन अकरा दहालाच खाली उतरलाय.

दीर म्हणाले, कावळा उशिरा आला असेल.

ती हसली. मला ती तिथेच आवडली, आणि तिथेच भीतीही वाटली. रागावणाऱ्या माणसाला आम्ही चौघं मिळून गुंडाळू शकतो; हसून पुढचं पान उलटणाऱ्याला नाही. तिने वही मिटली आणि सांगितलं, की तिला आमच्यासारख्या कंपन्या हव्याच आहेत. तिच्या भागात तेवीस आहेत, शंभर झाल्या तरी कामं पुरतील. पण तारांखाली गावं आहेत, शाळा आहेत. नजरेपलीकडे एखादं यंत्र पाठवायचं, तर ते पाठवणाऱ्यांनी निदान एकमेकांना तरी खरं सांगितलेलं असावं, एवढंच तिला बघायचं होतं. हे ती अगदी साधेपणाने बोलली, एखादीने पत्ता सांगावा तसं. मग तिने सुट्या भागांची नोंद मागितली.

ती नोंद माझी. मी त्यात खोटं लिहिलं नव्हतं, फक्त एक रकाना मोकळा सोडला होता. तिचं बोट तिथे जाऊन थांबलं. उजवीकडचं पुढचं पातं बदललं, तारीख अमुक. कारण, काही नाही.

"हे का बदललं?" तिने मला विचारलं.

मी चष्मा पुसायला घेतला. दिरांनी पंख्याकडे बघितलं. हे खिडकीशी उभे होते, दोन्ही हात मागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलेलं.

"माझ्यामुळे," बारकी म्हणाली.

आणि तिने सांगून टाकलं. टाकी, साडेतीन, उतरताना घसरलेला ड्रोन, वेणी, सगळं बरोबर. फक्त एक गोष्ट तिने बदलली. म्हणाली की ड्रोन उतरायच्या जागेभोवती आम्ही दोरी लावतो, तिच्या आत ती येऊन उभी होती. फोन आला म्हणून नकळत चार पावलं पुढे आली, नाहीतर ड्रोन तिच्या जवळपासही आला नसता.

मॅडमनी मान हलवली. म्हणाली, बघा, हेच हवं होतं मला, ह्यात घाबरण्यासारखं काय होतं. असे प्रसंग सगळ्यांकडे होतात. तिने कागद पुढे ओढला आणि लिहिता लिहिता वाचूनही दाखवलं. कारण, नजर ठेवणाऱ्या व्यक्तीची चूक. उपाय, त्या व्यक्तीचं पुन्हा प्रशिक्षण. ह्यात दंड नाही, अर्ज पुढे जाईल, महिनाभरात परवानगी. दिरांनी इतका मोठा श्वास सोडला की कागद हलला.

मग तिने सहज विचारावं तसं विचारलं, की उडवायच्या परवान्यासाठी तुझा स्वतःचा काही अर्ज वगैरे नाही ना? कारण अशी नोंद झाली की वर्षभर परीक्षेला बसता येत नाही.

बारकीची परीक्षा पुढच्या महिन्यात होती. दोन वर्षं ती पहाटे उठून आमच्या मागच्या मैदानात प्लास्टिकच्या शंकूंमधून ड्रोन फिरवत होती. ती पास झाली की अवघड कामं तिने उडवायची, ह्यांनी बाजूला उभं राहायचं, असं मी मनात कधीच ठरवून ठेवलं होतं. मग ह्यांना कुणाला काही सांगावं लागणार नव्हतं. सगळं आपसूक झालं असतं. घरातल्या पुष्कळ गोष्टी अशाच आपसूक होऊ द्यायच्या असतात, असा माझा समज आहे, आणि तो नेहमीच खोटा ठरलेला नाही.

"नाही, काही घाई नाही," बारकी म्हणाली. "पुढच्या वर्षी बसेन."

मॅडमनी कागद फिरवून तिच्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. बारकीने तारीख टाकली. मी तिच्या मानेकडे बघत होते. तिथे केस आता थोडे वाढले होते आणि नीट बसत नव्हते. मला वाटलं, बोलावं. मग वाटलं, बोलले तर ह्यांचं काय राहील. टाक्यांवरून उतरल्यावर हा माणूस सहा महिने अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो मला दुसऱ्यांदा तसा बघायचा नव्हता. लेकीचं एक वर्ष आणि नवऱ्याचं उरलेलं सगळं, असा हिशेब मी त्या खुर्चीत बसून मांडला. लेकीचं वर्ष स्वस्त पडत होतं. मी गप्प बसले. ह्याचा मला अभिमान नाही आणि फारशी शरमही नाही. कुणी तिसऱ्याने मांडला असता तरी तोच आकडा आला असता.

हे खिडकीपासून टेबलाशी आले. बारकीच्या समोरचा कागद त्यांनी उचलला. तो हातात धरल्याबरोबर फडफडायला लागला, आणि पंखा तर मी मघाशीच बंद केला होता. ह्यांनी तो खाली ठेवला नाही. सगळ्यांना नीट दिसेल असा धरून ठेवला.

"ती दोरीच्या बाहेर होती, मॅडम. मोजून तीस पावलांवर, जिथे उभं राहायला हवं तिथे," हे म्हणाले. "माझा हात थरथरतो. दोन वर्षं झाली."