बाईंचा उजवा कान

त्या दिवशी बाईंनी मला डाव्या कानाला लावलं, आणि माझ्या काळजात धस्स झालं. इतकी वर्षं मी त्यांच्या उजव्या कानाचा. दोन वाक्यं झाल्यावर त्यांनी मला परत उजवीकडे नेलं. मान अवघडली असेल, अशी मीही मनाची समजूत घातली.

मी फोन बोलतोय, प्रकाशनाच्या कचेरीतल्या संपादकबाईंच्या टेबलावरचा. वायरवाला, जुना आणि भित्रा. माझी घंटा वाजली की आधी मीच दचकतो.

कारखान्यातून निघाल्यावर माझी पहिली नेमणूक हिशेबाच्या टेबलावर झाली. तिथे लोक माझ्यात तोंड घालून ओरडायचे. मग बाई नोकरीला लागल्या आणि मी त्यांच्या वाट्याला आलो. त्या नवख्या, मी बावरलेला. आमचं जमलं.

बाईंची एक रीत होती. एखादं वाक्य खटकलं, तर त्या पेन नाही, मला उचलायच्या. लेखकाला त्याचंच वाक्य सावकाश वाचून दाखवायच्या आणि गप्प बसायच्या. "डोळ्याला लबाडी खपते, कानाला नाही," असं त्या म्हणत. लेखक आधी खोकायचा, मग कबूल करायचा, "जरा जास्तच झालं, नाही का?" तो काहीच बोलला नाही, तर वाक्य जायचं. ठेवायचं असेल, तर "राहू दे" एवढंच म्हणायचं. हा करार सगळ्यांना पाठ होता.

मास्तरांना तर फारच. शाळेतून निवृत्त झालेले, स्वभाव तिरसट, आवाज मात्र घशातच राहणारा. त्यांची सगळी पुस्तकं बाईंच्या हातून गेलेली. नव्या कादंबरीचं शेवटचं पान बाईंनी असंच वाचून दाखवलं. लेक घर सोडून जाते, आणि बाप रोज संध्याकाळी तिच्या चपला दारातून उचलून आत ठेवतो. वाचून झालं. बाई गप्प.

"राहू दे," मास्तर म्हणाले.

बाई गप्पच.

"राहू दे, बाई. ते माझ्या लेकीचं आहे."

बाईंनी मला जागेवर ठेवलं आणि पानावर आडवी रेघ मारली. मी काय करणार? दुसऱ्याचा आवाज पोचवायचा, स्वतःचा मात्र नाही, हा आमचा जन्म.

आज सकाळी मी वाजलो तेव्हा बाई जागेवर नव्हत्या. समोरच्या टेबलावरच्या प्रूफं तपासणाऱ्या काकूंनी मला उचललं.

"त्यांना सांगा, मी राहू दे म्हणून विनवत होतो," मास्तर म्हणाले. "ऐकायचंच नव्हतं, तर वाचून कशाला दाखवलं? आता पुस्तकच छापू नका."

बाई आल्यावर काकूंनी निरोप दिला. वर म्हणाल्या, "काय हो, त्या माणसाचं शेवटचं पानच खाल्लंत? एवढी भूक लागली होती?"

"राहू दे म्हणाले? कधी?"

"मला काय विचारता? तुम्हीच बोलत होतात."

बाईंनी मला उचललं आणि नंबर न लावताच उजव्या कानाला धरलं. माझ्यात नेहमीची गुणगुण चालू होती. त्यांचा चेहरा कोराच राहिला. मग त्यांनी मला डावीकडे नेलं. मग परत उजवीकडे.

"बिघडलाय का फोन?" काकूंनी विचारलं.

"फोन चांगला आहे," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

असं कौतुक माझ्या वाट्याला यायला नको होतं.

त्यांनी पानावरची रेघ खोडली. तेव्हापासून त्या मास्तरांना फोन लावताहेत, मला डाव्या कानाला धरून. पलीकडे घंटा वाजते आणि विरून जाते.

"नाही उचलायचे ते," काकू म्हणाल्या. "आणि उचलला तर सांगणार काय? कान गेला म्हणून? मालकांच्या कानावर गेलं तर या खुर्चीत ठेवतील तुम्हाला?"

"आधी मास्तरांना कळू दे. मालकांचं मग बघू."

मालकांना तर मीही नकोच आहे. मेल करा म्हणतात. मी गेलो तर गेलो. एवढंच मागतो, की फोनवर कुणी गप्प राहिलं, तर लगेच रुसू नका. एकदा मोठ्यानं बोलून बघा.

बाईंनी पुन्हा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. आणि खट्ट झालं.

"आता आणखी काय कापायचं राहिलंय?" मास्तर ओरडले. एवढा आवाज तर हिशेबाच्या टेबलावरही ऐकला नव्हता. मी दचकलो, समोर काकूही दचकल्या.

बाई दचकल्या नाहीत. त्यांनी मला कानाशी आणखी घट्ट धरलं.

"असंच बोला, मास्तर," त्या म्हणाल्या. "असंच मोठ्यानं बोला."