ढिली, पण वाकडी नाही

कळसच्या यात्रेत देवळामागच्या चिंचेखालची जागा फुगेवाल्या पुतळाबाईची, हे इतकी वर्षे कोणाला सांगावे लागले नव्हते. झाडाला फळी टेकवलेली, फळीवर रंगीत फुगे आणि पुढच्या टेबलावर छऱ्यांची एकुलती एक बंदूक. नवरा दत्तोबा वारल्यावरही तिने धंदा मोडला नाही. इंदापूर-बारामतीकडच्या साऱ्या यात्रा ती एकटीने करू लागली.

पंच्याण्णव सालच्या यात्रेत पहिल्याच संध्याकाळी यात्रा कमिटीचा इंद्रजित दुकानावर आला. कमिटीच्या माणसाने रांग मोडून पुढे यायचे आणि फुकट नेम धरायचा, अशी रीतच पडून गेली होती. त्यात आज त्याच्याबरोबर बारामतीचे पाहुणे होते. त्याने पाच छरे उडवले. पाचही फळीत रुतले. पाहुण्यांतले कोणीतरी खुदकन हसले.

"बंदूकच वाकडी हाय!" इंद्रजितने ती टेबलावर आपटली. "नळी वाकवून गाव लुटती ही बाई. उद्या सांजच्याला दुकान हितं दिसता कामा न्हाय."

"वाकडी न्हाय, ढिली हाय," पुतळाबाई म्हणाली. "उद्या सांजच्यालाच या. मग बोला."

बंदूक ढिली आहे हे तिला त्याच्या आधीपासून ठाऊक होते. पुढच्या दोन स्क्रूंच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. पेचकस नुसताच घसरायचा. मागचा स्क्रू दस्त्याच्या लाकडात बसणारा, पण त्याचे भोक सैल झालेले. त्यात काड्यापेटीच्या काड्या कोंबायच्या, हा दत्तोबाचा उपाय तिने तसाच पुढे चालवला होता. दोन दिवसांत काड्यांचा चुरा व्हायचा आणि प्रत्येक छऱ्यागणिक नळी लाकडात थोडी थोडी सरकायची.

सकाळी ती गेणबाच्या बैलगाडीपाशी गेली. माळेगावच्या कारखान्याला ऊस ओढणारा गेणबा दर यात्रेला तिच्या शेजारीच गाडी सोडत असे.

"कशाला वैर घेता, पुतळाबाई?" तो म्हणाला. "दोन फुगे मीच फोडतो आन् त्यानं फोडलं म्हनून सांगतो. खूश हुईल गडी."

"फुकट खूश केला म्हनूनच वाकडी म्हनाया शिकला. आबा, जुवाची ती मोडकी शिवळ द्या बरं."

"शिवळ? बंदुकीला बैलं जुपता का काय?"

"तुमालाच जुपीन. द्या आधी."

काम करायला ती पडद्याआड गेली नाही. भर यात्रेत, टेबलावरच बसली. आधी नळी उघडून आत छरा नसल्याची खात्री केली. मग करवतीचे बारीक पाते झिजलेल्या खाचेत धरून तिने खाच नव्याने खोल केली, पेचकसाचे टोक तीत गच्च बसेल असे घासले, तेलाचा थेंब सोडला आणि अंगाचा भार देऊन फिरवले. स्क्रू कुरकुरला आणि सुटला. आतले आटे शाबूत होते. दुसराही तसाच निघाला.

मागच्या भोकातून काड्यांचा भुगा निघाला. दत्तोबाच्या हातच्या काड्याही त्यात असणार. तिने क्षणभर तो तळहातावर धरला. "चुकलंच तुमचं," असे पुटपुटून फुंकून टाकला. गिरमिटाने भोक स्वच्छ गोल केले, शिवळेच्या, म्हणजे जुवाच्या त्या दांडीच्या, बाभळी लाकडाची खुंटी तासली, सरस लावून ठोकली आणि बंदूक दुपारपर्यंत वाळत ठेवली. मग खुंटी कापून पृष्ठभागाशी सपाट केली, तीत बारीक भोक पाडले, स्क्रूला साबण चोळला आणि तो बसेल तेवढाच आवळला. पुढचे दोन्हीही बसवले. आता हलवून पाहिले तरी नळी तसूभरही सरकेना.

संध्याकाळी फुगे फटाफट फुटू लागले. तोटा दिसत होता, तरी फुगे बांधताना पुतळाबाईचा हात थांबत नव्हता. इंद्रजित पाहुण्यांना घेऊन आला तो थेट टेबलाशी.

"उचललं न्हाय अजून?"

"वाकडी हाय का ते बघा की. पर रांगेतनं."

सारी रांग त्याच्याकडे बघत होती. पाहुण्यांसमोर परत फिरणे त्याला जमेना. कसनुसे हसत तो शेवटी जाऊन उभा राहिला. पुढची पोरेसोरेही फुगे फोडून जात होती. त्याची पाळी आली. बंदूक खांद्याला लावून तो बराच वेळ थांबला. नेम चुकला तर पोरांपुढे हसे, आणि लागला तर कालचा शब्द खोटा.

अखेर त्याची हौसच वरचढ ठरली. मधोमध बांधलेला लाल फुगा फट्दिशी फुटला. शिट्ट्या झाल्या. छाती फुगवून तो पाहुण्यांकडे वळला, आणि वळता वळता पुतळाबाईशी त्याची नजरानजर झाली.

"लागला की," ती म्हणाली. "वाकड्या नळीनं?"

गेणबा गाडीवरून खो-खो हसला.

"दुकान उचलू का?" तिने सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले.

"कोन म्हनलं उचला?" इंद्रजित खाली बघत पुटपुटला आणि दुसऱ्या छऱ्यासाठी त्याने सवयीने हात पुढे केला.

पुतळाबाईने छऱ्यांच्या डबीचे झाकण लावले.

"रांगेत या. देवळाच्या पायरीपातुर गेलीया बगा."

त्याने पाहुण्यांकडे पाहिले. ते आधीच पायरीपाशी रांगेत जाऊन उभे होते.