जाळ्यातले शंख

वर्सोव्याची मथुरा वीस वर्षं इरावतीबाईंच्या दारी मासळी घेऊन यायची. बाईंना शंख जमवायचा नाद होता, म्हणून जाळ्यात एखादा वेगळा शंख आला की ती आठवणीने आणून द्यायची. लॉकडाऊनमध्ये सोसायटीने फेरीवाल्यांना गेट बंद केलं. बाई अ‍ॅपवरून साफ केलेलं पापलेट मागवू लागल्या, आणि शंखही. पुढे गेट उघडलं, तरी ती सवय काही सुटली नाही.

यंदा एका सकाळी मथुरा अचानक दारात उभी राहिली. हातात शंखांनी भरलेला पत्र्याचा डबा.

"तुझ्यासाठी ठेवलेले, बाय. गेटवर वॉचमनला दर वेळी विचारायची, तिसऱ्या मजल्यावरची बाय बरी हाय ना? बरी हाय म्हणाला की जायची."

इरावतीबाईंनी मात्र तिची एकदाही चौकशी केली नव्हती. मागे हॉलमध्ये विकतच्या शंखांचं नवं काचेचं कपाट होतं. ते दिसू नये म्हणून त्यांनी बाहेर येऊन पटकन दार ओढून घेतलं.

"आज काय आणलंयस?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मासळी सोडली गो. गुडघे गेले. डबा द्यायलाच आले."

डबा बाईंच्या हातात देऊन मथुरा कठडा धरून जिना उतरू लागली. 'आत ये, पाणी घे' म्हणायला बाईंनी दार उघडं ठेवलंच नव्हतं.