पडद्यामागचा ब्रिओ

मनगट मोडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हात चालेल." व्हायोलिन चालेल का, ते त्यांनी सांगितलं नाही. बरी होऊन वाद्यवृंदात परतले, तर माझ्याच खुर्चीसाठी नवी परीक्षा लावलेली. घ्या, इतकी वर्षं वाजवल्याचं हे फळ!

परीक्षा पडद्याआडून. वाजवणारा दिसत नाही, बोलायला मनाई, चपलासुद्धा बाहेर काढायच्या, कारण टाचांच्या आवाजावरून बाई की बुवा ते कळतं. पद्धत चांगलीच आहे. माझी भीती वेगळी होती. खुर्ची तर हवीच होती, पण त्या मोडक्या हातानं वाजवणारी बाई अजून मीच आहे का, हे माझं मलाच कळेना.

परीक्षेत वाजवायला दिलेल्या संगीताच्या तुकड्यावर लिहिलं होतं, 'कॉन ब्रिओ'. धाकटी बहीण म्हणाली, "म्हणजे धडाक्यात. ताई, तुझ्याच्यानं आता तो वेग व्हायचा नाही. उगाच हसं करून घेऊ नकोस."

कुणी नको म्हटलं की मला दुप्पट चेव येतो. शब्दकोश काढला. ब्रिओ म्हणजे उत्साह, चैतन्य. शब्द इटालियन, पण तिथे स्पॅनिशकडून आलेला असावा, आणि त्याच्याही मागे एक फार जुना केल्टिक शब्द, अर्थ बळ.

"बघ, घाई कर असं कुठेच म्हटलेलं नाही," मी म्हणाले.

"मग परीक्षकांना शब्दकोश पाठव!"

"वाजवूनच दाखवते."

मग तो तुकडा मी सावकाश, पण एकेका स्वरावर गज नीट दाबून घोटला. मनगट ठणकायचं. शेकायचं आणि परत बसायचं.

परीक्षेत तसाच वाजवला. पडद्यापलीकडून वाद्यवृंदाचे संचालक म्हणाले, "जरा जलद." उत्तर द्यायची सोय नव्हती. मी त्याच गतीनं परत वाजवला, आणखी ताकदीनं.

"अहो, जलद!"

तिसऱ्यांदाही तसाच. शेवटच्या स्वराला डोळ्यांत पाणी आलं, दुखण्यानं की रागानं, देव जाणे.

पलीकडे संचालकांचं हसू फुटलं. "एवढा हट्टी गज आपल्याकडे एकाच बाईंचा आहे. ओळख पटली, म्हणजे नियमानं परीक्षा बाद. बाई, उद्या परत या. दुसरे परीक्षक बसतील."

खुर्ची अधांतरीच राहिली. पण न बघता, नुसत्या वाजवण्यावरून त्यांनी मला ओळखलं होतं. मी होते, अख्खी होते! बोलायला मनाई असूनही मी पडद्याआडून ओरडले, "येते! आणि उद्याही एवढंच जलद!"